पाईप निवेपर्यंत

"दिशे, तुझ्या आप्पांना काय सांगायचं असलं ना, तर त्यांचे हात गुंतलेले असताना सांग. हात मोकळे असले की ते पळत्यात."

आईचा तो आवाज दिशाला भर उन्हात, सरमाडाच्या धुरात ऐकू आला. भागीरथीला जाऊन सात वर्षं झाली होती. माणूस गेलं, आवाज राहिला. परसात धुणं वाळत घालता घालता बोलावं, तसा तो अवचित यायचा.

समोर आप्पा उकिडवे बसले होते. विहिरीपासून डाळिंबापर्यंत नवा प्लास्टिकचा पाईप न्यायचा होता. बाजरीच्या वाळल्या सरमाडाचा जाळ करून ते पाईपाचं तोंड त्यावर फिरवत होते. तव्यावर भाकरी फिरवावी तसं, हळूहळू, कुठं करपू न देता.

"आत काय व्हतंय गं आता? तू शिकलीयास न्हवं त्यातलं?"

"आत रेणूंच्या लांबच लांब साखळ्या असतात, आप्पा. एकमेकींत गुंतलेल्या. गार असताना त्यांना हलायला जागाच नसते. ऊब लागली की मधे मधे जरा फट पडते. मग वळवळायला लागतात."

"व्हय व्हय. सुप्याला निम्मी येष्टी उतरली की मानसं वळवळत्यात, तसं."

"अगदी तसं!" दिशा खळखळून हसली.

पाईपाचं तोंड मऊ झालं. आप्पांनी दुसऱ्या पाईपाचं टोक त्यात घुसवलं आणि दोन्ही हातांनी गच्च दाबून धरलं. आता हात सोडला तर सांधा मागं सरकणार.

"वत पानी."

दिशानं तांब्या उचलला. पण ओतला नाही.

आठवडाभर ती संधी शोधत होती. 'आप्पा, बोलायचंय' म्हटलं की त्यांना विहिरीवरची मोटार आठवायची, नाहीतर वासरू सुटल्याचा भास व्हायचा. उद्या पुण्याला कळवायची शेवटची तारीख होती. घरात ती आणि आप्पा, दोघंच. ती गेली की चूल एका भाकरीसाठी पेटणार.

"अगं, वत की!"

"सावकाश निवू द्या. सावकाश निवलं की साखळ्या नीट दाटून बसतात." तिनं तांब्या छातीशी धरला. "आणि आप्पा, मला पुण्याला पीएचडीला जागा मिळालीय. उद्या हो की नाही ते सांगायचंय."

आप्पांनी डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. दोन्ही हात पाईपावर. जायला वाट नव्हती.

"कशाचा अभ्यास म्हनायचा?"

"ह्याचाच. अशा वस्तूंच्या आत, रेणूंच्या मधे रिकामी जागा किती उरते ते मोजायचं."

"रिकामी जागा मोजायला आपला तलाठी हाय की!"

"हसवू नका ना!" ती म्हणाली. "तुम्ही एकटे पडाल म्हणून महिनाभर पोटात ठेवलं मी. तुम्ही नको म्हणालात तर नाही जाणार. रुसणार पण नाही."

सरमाडाचा जाळ खाली बसला. डाळिंबाच्या लालचुटूक फुलांवर मधमाश्या गुणगुणत होत्या.

"जा," आप्पा म्हणाले. "जा म्हंजे जा. यडी कुठली. महिनाभर पोटात ठिवलं म्हनं! आन् आता तरी वत ते पानी, हात भाजला माझा."

दिशानं रडत हसत तांब्या रिता केला. थोडी वाफ उठली, विरली. तिनं सांध्यावर टिचकी मारली. टण्ण वाजला.

"झाला कडक. सोडा आता."

आप्पांनी सोडलं नाही.

तिला वाटलं, ऐकू गेलं नसेल. तिनं पुन्हा टिचकी मारली. आप्पा तसेच धरून बसलेले. मान खाली. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या, आणि ऊन तर टोपीवर होतं.

"आप्पा? काय झालं? सोडा की."

"सोडलं तर पळन मी," ते पाईपाकडं बघतच पुटपुटले.

दिशा त्यांच्यासमोर मातीत बसली. रिता तांब्या मांडीवर घेतला. आप्पांनी पाईप आणखी दाबून धरला.

"डेअरीवर दुधाचं फॅट बघत्यात न्हवं, त्या जयमालाबाई... त्याबी एकल्याच हायती. म्या त्यांना लग्नाचं इचारलं. त्या म्हनल्या, आधी पोरीला इचारा, पोर व्हय म्हनली तरच. तर... इचारतुया."