दोन पोर्टांचं कार्ड

सकाळपासून तिनं नेटवर्कच्या गेटवेला 'आहेस का' असं विचारणारं पिंग निदान चाळीस वेळा केलं होतं. उत्तर एकदाही आलं नव्हतं.

रविवार असल्यामुळे मशीनरूममध्ये ती एकटीच होती. मेनफ्रेम या मोठ्या कॉम्प्युटरवर नवं पार्टिशन, म्हणजे वेगळा कप्पा, काढलं होतं, त्यात लिनक्स चढवायचं होतं. इन्स्टॉलर सुरू व्हायचा, नेटवर्कपाशी यायचा आणि तिथंच अडून बसायचा. पत्ता बरोबर होता. नेटवर्क कार्डाचे तिन्ही नंबर तिनं कागदावर बोट ठेवून ताडून पाहिले होते. जुनी यंत्रणा कालच बंद झाली होती आणि उद्या सकाळपासून सात हॉस्पिटलांचे रिपोर्ट इथूनच जायचे होते. तीन वाजले होते.

नेटवर्कवाल्यांनी फोनवरूनच हात झटकले. "मॅडम, केबलचा दिवा हिरवा आहे. आमच्याकडं सगळं ठीक."

शेवटी तिनं ऑफिसातल्या जुन्या काकांना फोन लावला. या खोलीतल्या केबली काकांनीच ओढलेल्या. दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले. पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

"जेवण झालं का, काका?"

"कधीच. बोल, काय अडलं?"

तिनं पडद्यावरच्या ओळी वाचून दाखवल्या.

"कॅबिनेट कुठलं? दाराकडून दुसरं?"

"हो."

"मग ते कार्ड दोन पोर्टांचं. इन्स्टॉलर न विचारता पोर्ट शून्य धरतो. केबल आहे पोर्ट एकमध्ये. मीच लावलीय, शून्याची खाच सैल होती म्हणून. लिहून ठेवायला हवं होतं, राहून गेलं."

तिनं शून्याच्या जागी एक टाकला आणि इन्स्टॉलर पुन्हा सुरू केला. पहिलं उत्तर आलं. मग दुसरं. मग येतच राहिली.

"आलं, काका."

"येणारच. जातंय कुठं."

तिनं आभार मानले, तब्येतीची चौकशी केली. मजेत आहे, ते म्हणाले. ती फोन ठेवणार, एवढ्यात ते म्हणाले, "घाईत आहेस का गं? नाही म्हणजे, फोन जरा त्या मशीनजवळ ठेवतेस? थोडाच वेळ. इथं फार शांत असतं."

तिनं फोन कॅबिनेटच्या जाळीला, आत घुमणाऱ्या पंख्यांजवळ, टेकवून ठेवला आणि कामाला लागली. एकामागून एक सॉफ्टवेअरची पॅकेजं उतरत गेली. सवाचारला इन्स्टॉलेशन पुरं झालं. साहेबांना तसा मेल टाकून ती उठली.

फोन चालूच होता. एक तास तीन मिनिटं.

"काका, झालं बरं का सगळं."

पलीकडून संथ, जड घोरणं ऐकू आलं.

तिनं फोन होता तसा जाळीला टेकवला. पिशवी भरली होती, चप्पल पायात होती. तरी खुर्ची ओढून ती पुन्हा बसली.