मैत्रीण म्हणून

“इथे एक सही कर, डॅना,” मेरेडिथ मॅडमनी कागद पुढे केला.

दानुताने हातमोजे काढले. बाथरूमच्या फरशीला साबण लावलेला तसाच राहिला. शिकागोच्या बाहेरचं हे घर ती नऊ वर्षं साफ करत होती, आणि नऊ वर्षं या घरात ती डॅनाच होती. तिचं पोलिश नाव म्हणे जिभेला जड जातं. तीन अक्षरांचं नाव!

कागदावर चारच ओळी होत्या. डॅना ही आमच्या कुटुंबाची जुनी मैत्रीण. अधूनमधून येते. प्रेमापोटी घरकामाला हात लावते. पगाराचा प्रश्नच येत नाही.

मॅडम गावच्या खजिनदारपदासाठी उभ्या होत्या. ‘पै-पैचा चोख हिशेब’ असं छापलेल्या त्यांच्या पत्रकांचे गठ्ठे हॉलमध्ये पडलेले असायचे, आणि ते उचलून खालची धूळ दानुताच पुसायची. आता गावच्या वर्तमानपत्राने सगळ्याच उमेदवारांना विचारलं होतं, घरी कामाला कोण येतं आणि त्याचे पैसे कागदोपत्री आहेत का. मॅडमनी तर आजवर सगळे पैसे पाकिटात घालून रोखच दिले होते.

“यात कुणाचं काही जात नाही,” मॅडम म्हणाल्या. “रोख पैसे तू तरी कुठे दाखवतेस?”

“दाखवते.”

“म्हणजे? माझेसुद्धा?”

“मी काम करते त्या सहाही घरांचे.”

मॅडमचा चेहरा आधी उतरला, मग चढला. तुला कुणी सांगितले होते हे धंदे, असं त्यांचं म्हणणं. तुझ्याच सोयीसाठी रोख दिले, त्याचे चांगले पांग फेडलेस.

दानुताच्या अंगाचा तिळपापड झाला. चर्चमधल्या बायका तिला दर वर्षी वेड्यात काढायच्या, नोटेवर काय तुझं नाव लिहिलेलं असतं का म्हणून हसायच्या. तरी ती दर एप्रिलात सहा घरांची कमाई एकत्र मांडून कर भरायची. नोकराचा वाटा भरायची आणि मालकाचाही, कारण कागदावर तिची मालकीण तीच. म्हातारपणच्या पेन्शनला दहा वर्षांचा भरणा लागतो आणि आता एकच वर्ष उरलं होतं. अशात या कागदावर सही करायची म्हणजे आपणच सरकारला इतकी वर्षं खोटं सांगत आलो, असं स्वतःच्या हाताने लिहून देणं. शेण खाल्लं यांनी, आणि तोंड बरबटायचं हिचं.

सही नसेल तर पुढच्या आठवड्यापासून यायची तसदी घेऊ नकोस, हेही मॅडमनी सांगून टाकलं, अगदी गोड आवाजात. सहांतलं हे सगळ्यात मोठं घर होतं. दानुताच्या खोलीचं भाडं याच पाकिटातून जायचं.

“विचार कर,” मॅडम म्हणाल्या. “आपण काय परक्या आहोत का?”

दानुताने विचार केला. स्वयंपाकघरात चुरा सांडतो म्हणून ती दुपारचा ब्रेड बाहेर गाडीत बसून खायची. जानेवारीत काचेवर बर्फ साचलेला असतानाही तिथेच खायची. आत ये, असं या घरातून कधी कुणी म्हटलं नव्हतं.

तिने कागद सही न करताच टेबलावर ठेवला. सपाता फटफटत ती दिवाणखान्यात गेली आणि ओल्या एप्रनसकट त्या पांढऱ्या सोफ्यावर बसली. त्याच्या उशा तिने दर आठवड्याला झटकून लावल्या होत्या. तो इतका मऊ असेल असं तिला वाटलं नव्हतं.

“दानुता,” ती म्हणाली. “मैत्रिणीचं नाव दानुता आहे. ते आधी नीट लिही.”

मॅडम कागद हातात घेऊन दारातच थबकल्या.

“उभी का, मेरेडिथ? चहा ठेव. मी लिंबू घालून घेते, दूध नको. नऊ वर्षांत कधी विचारलं नाहीस, म्हणून सांगते.”