वर्नाची शेवटची फेरी

"टोपी काढ आधी," डेलबर्ट म्हणाला.

वर्नाने रेंजरची टोपी गाडीत टाकली. खर्चाची मंजुरी वॉशिंग्टनमध्ये अडकली होती, त्यामुळे सरकारी कामकाज बंद होतं आणि वर्ना सक्तीच्या रजेवर होती. रजेवरच्याने फुकटसुद्धा काम करायचं नाही, असा कायदाच आहे. डेलबर्ट पहाऱ्यावरचा, म्हणून त्याला बिनपगारी हजेरीची सक्ती. असा सगळा आनंद!

"अरे, उद्या निवृत्त होतेय मी. एकतीस वर्षं या जंगलात लोकांना फिरवलं. शेवटची एक फेरी करू दे ना!"

"पर्यटक म्हणून खुशाल ये. पण माहिती सांगायला लागलीस की ते काम झालं. मला वर कळवावं लागेल."

वर्ना रडायच्या बेतात होती. ती घोळक्याच्या मागे जाऊन उभी राहिली. फ्रेस्नोहून बसने आलेले चाळीस आजी-आजोबा डेलबर्टला प्रश्न विचारत होते. भल्यामोठ्या सिकोया वृक्षाच्या बुंध्यावर थाप मारून तो म्हणाला, "हे असेल ऐंशीएक वर्षांचं."

वर्नाने ओठ चावला.

"मुळं पार पाताळात गेलीत. आणि आग लागली, की संपलंच बिचारं."

"अरे गाढवा!" वर्ना कडाडली. "दोन हजार वर्षांचं आहे ते! आगीच्या धगीनेच तर याची बोंडं उघडतात, बी पडतं!" आणि तिने घाईघाईने तोंडावर हात दाबला.

डेलबर्टने तिला आपादमस्तक न्याहाळलं. "बाई, तुम्ही कोण?"

"प... पर्यटक."

"पर्यटकाने रेंजरशी भांडू नये, असा काही कायदा नाही. पण पुढे येऊन भांडा. मागच्यांना ऐकू येत नाहीये."

मग काय! डेलबर्ट झाडागणिक नवी थाप मारी आणि वर्ना ती हाणून पाडी. आजी-आजोबा तिच्या बाजूने ओरडत होते. एका आजोबांनी तर डेलबर्टला काठी दाखवली. शेवटच्या झाडापाशी टाळ्या थांबेनात. वर्ना हसत होती आणि डोळेही पुसत होती.

डेलबर्टने वही काढली. "वर कळवतोय. एका पर्यटक बाईने रेंजरशी दीड तास हुज्जत घातली. रेंजरला काडीची माहिती नव्हती."

"डेल, इतकं चुकीचं तुला सुचलं तरी कसं रे?"

"एकोणीस वर्षांपूर्वी तूच तर सगळं शिकवलंस. ते उलटं पाठ करायला कालची अख्खी रात्र गेली माझी."