पुढचा तुकडा

"रेष इथून नेली तर घर, विहीर आणि रस्त्याची बाजू, सगळं एकाच तुकड्यात जातं," मोजणीवाला म्हणाला. "मागे उरतो नुसता खडक. असे कुठे वाटे असतात?"

"असेच काढ," थोरला म्हणाला.

"अरे, आंधळासुद्धा चाचपडत पुढचाच उचलेल."

"मग डोळस काय सोडणार आहे?"

मोजणीवाला थोरल्याचा जुना मित्र. नगरपालिकेचे नकाशे त्याच्या हातून जायचे. बाहेर बोलायची नाही अशी गोष्ट त्यानेच चहा पिता पिता सांगून टाकली होती. नव्या आराखड्यात रस्त्याकडच्या पट्ट्यावर आरक्षण पडणार होतं. तिथे बसडेपो होणार होता. घरासकट सगळं त्यात जाणार होतं.

"एकदा आरक्षण पडलं की ना बांधता येतं, ना विकता येतं," तो पुन्हा म्हणाला. "भरपाई मिळते, पण नातवाला."

"होऊ दे मग धाकट्याला नातू."

"आणि घर? वहिनींनी किती जपलं होतं ते."

"ती नाही तर नुसत्या भिंती आहेत त्या. जाऊ देत."

मोजणीवाल्याने पेन्सिलीला टोक केलं आणि रेष ओढली.

जमीन वडिलांची, दोघा भावांच्या नावावर. तिचे तुकडे पाडायचे तर पालिकेची परवानगी लागायची आणि अर्जावर दोघांच्या सह्या. बायको आजारी पडली तेव्हा थोरल्याने हाच अर्ज लिहिला होता. आपला वाटा घरासकट विकायचा आणि तिचं ऑपरेशन करायचं. धाकटा आला, आत जाऊन वहिनीला भेटला, बाहेर येऊन त्याने पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं. "मला नाही जमणार, दादा." एवढंच. थोरल्याने त्याचे पाय धरले. धाकटा पाय सोडवून निघून गेला.

पुढे ती गेली. तिला पोचवून आल्यावर थोरल्याने भावाशी बोलणं टाकलं. धाकट्याचा डोळा रस्त्याकडच्या घरावर आहे, हे त्याच्या मनात पक्कं बसलं. हवंय ना घर? मग घे, असं त्याने ठरवलं.

घरात एक जुना नियम होता. काहीही वाटायचं झालं तर आई थोरल्याच्या हातात सुरी द्यायची आणि धाकट्याला आधी उचलायला सांगायची. थोरला जीव ओतून सारखे भाग करायचा. तरी धाकटा दोन्हीकडे बघून बघून, कणभर का होईना, मोठाच भाग उचलायचा. त्या सवयीवर थोरल्याचा पूर्ण भरवसा होता.

सहीसाठी त्याने धाकट्याला घरी बोलावलं.

"तू बोलावलंस, माझा विश्वासच बसेना," धाकटा दारातच म्हणाला.

"जुनं किती उगाळायचं? ये. चहा टाकू?"

"तू केलेला? नको बाबा, मला घरी पोरं आहेत."

थोरला हसला. हसताना गाल दुखतात हे त्याला बऱ्याच काळाने कळलं. त्याने अर्ज पुढे सरकवला. धाकट्याने न वाचता सही केली.

"नकाशा तरी बघ."

"तू काढून घेतलायस ना? मग झालं."

"या वेळी लगेच दिलीस सही."

धाकट्याने पेनाचं टोपण लावलं. "या वेळी देण्यासारखी होती," तो म्हणाला.

थोरल्याने दातावर दात धरले. "वाटे मी केलेत. उचलायचं तू. आईचा नियम."

"आईचा नियम," धाकटा म्हणाला.

सुनावणीच्या दिवशी पालिकेत पंखा बंद होता. साहेब फायलीनेच वारा घेत होते. मोजणीवाला भिंतीला टेकून उभा होता आणि थोरल्याकडे बघायचं टाळत होता.

"कागद ठीक आहेत," साहेब म्हणाले. "मागच्या तुकड्याला गल्ली आहे, तेव्हा वाटेचा प्रश्न नाही. कोणता कोणाच्या नावावर, तेवढं सांगा. आदेशात लिहिलं की माझ्याकडून बदल नाही."

"हा सांगेल," थोरला म्हणाला.

"मागचा माझा," धाकटा म्हणाला. "पुढचा दादाचा."

थोरल्याला वाटलं, चुकून बोलला. "अरे, नीट बघ. घर पुढे आहे. विहीर पुढे आहे."

"बघितलंय."

"मागे खडक आहे, गाढवा! मी घेतो तो. तुला पोरंबाळं आहेत."

"आधी उचलायचं माझ्याकडे आहे, दादा."

साहेबांना हसू आलं. "वाटणीत मला घे, मला घे म्हणून भांडणारे रोज येतात. हे नवीनच." त्यांनी लिहिलं, सही केली. कारकुनाने शिक्का मारला.

थोरल्याने मोजणीवाल्याकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

धाकट्याने खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, मग डोळे. "तुला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती तिने," तो हळूच म्हणाला. "पण आता सांगतो. त्या दिवशी आत गेलो तर वहिनीने माझा हात धरला. म्हणाली, भावोजी, सही करू नका. डॉक्टर मला खरं काय ते बोललेत, मी काही वाचत नाही. माझ्यापायी हे घर विकतील आणि मागे रस्त्यावर येतील. काही करा, पण ह्यांचं घर ह्यांनाच राहू द्या."