हळू गाणारी

फ्रिज घुर्रकन सुरू झाला आणि ईराचा आलाप तिथेच थांबला.

"झालं." तिने मोबाइलवरचं रेकॉर्डिंग बंद केलं. "आता पुन्हा."

स्नेहलने उठून फ्रिजचा प्लग काढला. बाहेरच्या खोलीतला कूलर आणि पंखा मघाच बंद केले होते. चौबे कॉलोनीत मे महिन्याच्या दुपारी तीन वाजता हे वेडेपणाचंच काम, पण नणंदेसाठी ती वहीने वारा घेत घामाघूम बसली होती. एका मोबाइलवर तानपुरा, दुसऱ्यावर रेकॉर्डिंग. ईराचा बारावीचा निकाल लागला होता. खैरागढच्या संगीत विद्यापीठात शिकवणाऱ्या, ओळखीतल्या एका बाई म्हणाल्या होत्या, आज संध्याकाळपर्यंत दहा मिनिटांचं गाणं पाठव. ऐकून सांगते, इथल्या प्रवेशाचा फॉर्म भरायचा की नाही.

आतापर्यंतचं सगळ्यात बरं झालेलं दोघींनी लावून ऐकलं. सूर कुठे हलत नव्हता. पण सगळा भीमपलासी कुणाच्या तरी कानात सांगितल्यासारखा.

"बारीक येऊन राहिला न आवाज?" ईरा म्हणाली.

"मोबाइल जवळ ठेवून पाहू."

"मोबाइल नाही वहिनी, मीच. क्लासमध्ये सरही हेच म्हणतात, पोट्टी, तोंड उघड. नाही उघडत आता." तिने ओढणीने मान पुसली. "जाऊ दे. इथल्याच कॉलेजात बी.ए.ला संगीत घेते. बाबांचंही तेच चालू आहे. या कॉलेजात प्रवेशाला कोणी गाणं ऐकूनच नाही पाहत."

"पण काहून नाही उघडत?"

ईराची नजर आतल्या खोलीच्या लोटलेल्या दाराकडे गेली आणि लगेच परत आली, चुकून गेल्यासारखी.

त्या दाराआड स्नेहलचा चार वर्षांचा शिशिर झोपला होता. तो जन्मल्यापासून दुपार त्याच्या झोपेची, आणि ईराच्या रियाजाचीही. गाऊ नको असं स्नेहलने तिला कधी म्हटलं नव्हतं. उलट माहेरी फोन केला की कौतुकाने सांगायची, "आमची ईरा एवढी गुणाची, तासभर गाते पण पोट्ट्याची झोप नाही मोडत."

कौतुकच होतं ते. आता तिला त्यातलं 'झोप नाही मोडत' तेवढंच ऐकू आलं.

ती उठली. आतल्या खोलीचं दार तिने भिंतीपर्यंत उघडलं आणि पायाने पायपुसणं सरकवून तिथेच अडकवून टाकलं.

"वहिनी, काय करून राहिली? उठेल न तो."

"उठू दे."

"कच्च्या झोपेत उठला की संध्याकाळपर्यंत रडतो. मग तू मलेच बोलशील."

"बोलीन. तू खैरागढला असशील, तुले ऐकू नाही येणार. गा."

ईरा हसली. स्नेहलने रेकॉर्डिंग सुरू केलं, आणि हसता हसताच ईराने सा लावला.

पहिली दोन मिनिटं आवाज जुन्याच वाटेने चालला. पंचमावर तिने पुन्हा दाराकडे पाहिलं. दार उघडंच. मग वरच्या सावर जाताना आवाज फाटला, चांगला खरखरीत फाटला, पण ती थांबली नाही. त्यानंतर जे निघालं ते या घरात कुणी ऐकलं नव्हतं. समोरच्या दुबे आंटी खिडकीशी आल्या. स्नेहलला वाटलं, आता धाडकन लावून घेतील. पण त्या गजांना धरून उभ्याच राहिल्या.

शिशिर उठला. गालावर उशीचे वळ घेऊन दारात आला. स्नेहल त्याला उचलायला धावली, पण तो रडला नाही. तिथेच पायपुसण्यावर बसला, तोंड उघडं टाकून.

गाणं संपलं. ईराने रेकॉर्डिंग तसंच पाठवून दिलं.

"एकदा ऐक तरी," स्नेहल म्हणाली.

"नको. फाटला तर फाटला." आणि बाईंच्या निरोपाची वाट न पाहताच तिने खैरागढचा फॉर्म उघडला, पहिल्या रकान्यात आपलं नाव भरलं.

शिशिर आईच्या मांडीवर चढला. बराच वेळ आत्याकडे बघत राहिला.

"मम्मी, आत्याजवळ एवढा बडा आवाज होता?"

"हव."

"तर मग रोज छोटावाला काहून गात होती?"