अमरकंदाचा नवा कंद

पहारीने माती उकरली तसे अमरकंदाचे कंद माळेसारखे उघडे पडले. दर पावसाळ्यात जुन्या कंदाला लागून एक नवा धरतो आणि पुढल्या वर्षीचा कोंब त्यालाच फुटतो. म्हणून खणणारे तेवढा जमिनीत राखतात.

"नवा ऱ्हाऊ दे गं बुधे," सासू म्हणाली. "या डोंगरावर आता एवढंच रोप उरलंय."

"आधी तुमचा लेक उरू दे, आत्याबाई," म्हणत बुधीने तोही उपटला.

घरी तिने सगळे कंद दुधात शिजवले आणि तापाने खंगलेल्या नवऱ्यापुढे वाटी धरली. वाटी हाताने अडवून त्याने विचारलं, "नवा ठेवलास ना?"

"ठेवला."

"मग पुढल्या पावसात फुलं बघायला दोघं जाऊ," तो हसला.

तिने वाटी त्याच्या ओठांना लावली. एक घोट आत गेला. बाकीचं दूध हनुवटीवरून ओघळलं, तरी त्याचे उघडे डोळे हलले नाहीत.