उंच बसची फेरी

डेपोच्या साहेबांनी कागद पुढे सरकवला, पण मुजावरांनी त्याला हात लावला नाही. टेबलावर नव्या बसचं मॉडेल होतं. दोन्ही बाजूंना उंच पाय आणि पोटाखालून मोटारी जाणार, म्हणजे शहरातली कोंडी संपली म्हणे. 'हा रस्ता या बसला योग्य आहे' एवढंच, सव्वीस वर्षं त्याच रस्त्यावर बस चालवणाऱ्या मुजावरांनी लिहून द्यायचं होतं.

"आधी एक फेरी मारू," ते म्हणाले.

नव्या बसच्या उंचीचा बांबू त्यांनी आपल्या बसच्या तोंडाशी उभा बांधला आणि साहेबांना शेजारी बसवलं. पहिल्याच चौकात बांबू केबलच्या तारांत अडकला. कंडक्टरने उतरून सोडवला. पुढे वडाच्या फांद्यांनी अडवलं. रेल्वेच्या पुलाखाली तर तो कडाडून मोडला.

साहेबांनी खाली उतरून बांबूचे तुकडे पाहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "मुजावर, वरून हुकूम आहे. सही नाही केलीत तर तुमची बदली मला थांबवता येणार नाही."

"करा बदली. पण माझ्या नावावर खोटं जाणार नाही," मुजावर म्हणाले. "बस उंच कशाला करता, साहेब? आहे त्या बसला रस्त्याचा एक पट्टा मोकळा सोडा. कोंडी फुटते की नाही ते महिन्याभरात बघा."

आठवड्यात त्यांची बदली तालुक्याच्या डेपोत झाली. तो कागद मग त्यांच्या जुन्या डेपोतल्या एकतीस ड्रायव्हरांपुढे एकेक करून फिरला आणि कोराच परत आला.